त्रिकूट जुळवावे कसे?

अमेरिकेतल्या कोंबड्यांच्या प्रदर्शनात सुटा कोंबडा मांडणे कोणत्याही हौशी माणसाला जमते. त्रिकूट मांडायला मुरलेला मुत्सद्दीच हवा. त्रिकूट म्हणजे एकाच जातीचा एक नर आणि दोन माद्या. थोराड कोंबड्यासोबत थोराड कोंबड्या, वर्षाच्या आतल्यासोबत दोन तलंगा. नवखा उमेदवार खुराड्यातले सर्वांत देखणे तीन जीव उचलतो आणि तिथेच हरतो. तिघे किती देखणे याइतकेच परीक्षक ते एकमेकांशी किती जुळतात हेही पाहतो. एकीच्या तुऱ्याला पाच दाते आणि दुसरीच्या सहा, म्हणजे संपलेच. दर्जा उत्तम असेल तर एवढे तेवढे चालेल, असे कोणी म्हणेल. चालत नाही, देखण्या सवतीशेजारी उभी राहिली की साधारण कोंबडी फारच साधारण दिसू लागते. म्हणून दोन अप्रतिम कोंबड्या नसतील तर दोन सारख्याच मध्यम निवडाव्यात.

सारखेपणाचा पहिला शत्रू म्हणजे कर्तबगारी. पिवळ्या पायांच्या जातीची कोंबडी अंडी घालू लागली की खाद्यातला पिवळा रंग पायांकडे न जाता बलकात जातो आणि पाय हळूहळू पांढुरके पडतात. म्हणजे जी घरादाराला नाश्ता पुरवते तिचे पाय फिके, आणि जी आयते दाणे टिपते तिचे हळदीसारखे पिवळेजर्द. सुज्ञ उमेदवाराने आळशी जोडी न्यावी. हा कष्टाळूंवर अन्याय आहे हे मान्य. पण पिंजऱ्यावर अंड्यांचा हिशेब टांगायची सोय नसते.

खरी परीक्षा बार्ड प्लिमथ रॉकची. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन १८७३ साली बफेलोत स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी निघालेल्या तिच्या प्रमाणग्रंथात ही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जात दाखल झाली. हौशी मंडळींनी हट्ट धरला, की नर आणि मादी एकाच छटेचे दिसावेत. निसर्गाला हे कोणी विचारले नव्हते. पट्टे पाडणारे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते. नराला ते दोनदा मिळते, मादीला एकदाच. त्यामुळे सख्ख्या भावंडांतही भाऊ फिकट आणि बहीण गडद. यावर मंडळींनी काढलेला तोडगा ऐकण्यासारखा आहे: दोन वेगळी घराणी पाळायची. एका घराण्यात जास्तच गडद माद्या ठेवून प्रदर्शनाजोगे नर काढायचे, दुसऱ्यात जास्तच फिकट नर ठेवून प्रदर्शनाजोग्या माद्या. पहिल्या घराण्यातल्या मुली आणि दुसऱ्यातले मुलगे कोणाला दाखवायचे नाहीत. त्रिकूट जुळते ते या दोन घराण्यांतले राजबिंडे चेहरे एका पिंजऱ्यात आणून.

आता आक्षेप असा, की त्रिकूट हा वर्ग तर वंश चालवण्याजोगे कुटुंब दाखवण्यासाठी आहे. आक्षेप रास्त आहे. हे कुटुंब खरोखर नांदायला बसले, तर मुलगे फिके निघतील, मुली काळसर, आणि पुढच्या वर्षी दाखवण्याजोगे काही उरणार नाही. पण पत्रिकेत छत्तीस गुण जुळले म्हणून संसार होतोच असा दावा ज्योतिषीही करत नाही. परीक्षकाने तरी का करावा? त्याच्यापुढे पिंजरा असतो, वंशावळ नसते. यात लबाडी आहे म्हणावे, तर तीही नाही. पिसाला रंग लावला तर पक्षी बाद होतो. घराणे लपवल्याने होत नाही.

राहता राहिला शेजारधर्म. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचावे याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीस मांडले. अनोळखी दोघींना ऐन प्रदर्शनाच्या सकाळी एकत्र कोंडले, तर ती उतरंड तिथेच, परीक्षकासमोर, तुऱ्यांच्या रक्ताने ठरते. म्हणून काही आठवडे आधीच त्यांना एका खुराड्यात ठेवून भांडू द्यावे, जखमा भरू द्याव्यात. आंघोळ त्यानंतर घालावी. पिसे पूर्ण सुकल्याशिवाय पेटीत घालू नये. कोंबडा शक्यतो शेवटी सोडावा. बक्षीस मिळालेच, तर घरी पोचल्यावर तिघांची ताबडतोब फारकत करून ज्याला त्याला आपापल्या घराण्यात पाठवावे. आणि फीत पाहून कोणी अख्ख्या त्रिकुटाची किंमत विचारली, तर आधी त्याला पिल्ले काढायची आहेत की नुसते अंगणात मिरवायचे आहे, हे विचारून घ्यावे. किंमत त्यानंतर सांगावी.