ओ कोणी दिली?

आमच्या आणि शेजारच्या काकीच्या घरांमध्ये चिऱ्याचा एक गडगा आहे. उंची कंबरेएवढी, म्हणजे कोपरं टेकून बोलायला केल्यासारखीच. मे महिन्यात काकी त्या गडग्यालगत रातांब्यांची सालं वाळत घालते, त्यामुळे वाडीतल्या बातम्या मला सोलांच्या वासासकट मिळतात. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या आंब्यावर वांदर पडले, देवळाच्या तळीवर फोटो काढायला कोण आलं होतं, सगळं.

सोमवारी सकाळी मी दात घासत होतो, तेवढ्यात हाक आली.

"आयकलंस काय रे? आमच्या झीलाचा हापिस बंद पडला!"

"कंपनी बंद पडली गे?"

"कंपनी नाय रे मेल्या, हापिस! हयलां! खोलीतलां!"

काकीचा झील, म्हणजे मुलगा, मुंबईच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. २४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन लागला, त्यानंतर काही आठवड्यांनी पास काढून तो गावी आला तो आलाच. कंपनीने बसायची जागा निम्मी सोडून दिली आणि याला म्हणाली, घरूनच कर. तेव्हापासून माजघराच्या बाजूची खोली म्हणजे 'हापिस'. तिथे कोंबडी शिरली तरी काकी "हापिसात गेली" असं सांगते.

आता हे हापिस चालतं कसं, हे काकीला मी एकदा समजावलं होतं. म्हटलं, हिशेबाच्या वह्या मुंबईतच आहेत, सर्व्हर नावाच्या पेटीत. झील इथून बटणं दाबतो, ती दाबलेली बटणं तेवढी मुंबईला जातात, आणि तिथल्या पडद्याचं चित्र तेवढं इकडे येतं. वही जागची हलत नाही. काकी म्हणाली, "म्हंजे दशावतारात पेटी वाजवणारो पडद्याच्या बाहेर आणि पात्र आत, तसा." उदाहरण उलटसुलट आहे, पण मी हो म्हटलं.

मी वीसेक वर्षं मुंबईत ऑफिसांची नेटवर्कं सांभाळली. आता काजू सांभाळतो. पण वाडीचं मत असं, की ज्याला वायर आहे ते सगळं मला कळतं. मिक्सरसुद्धा माझ्याकडेच येतो. तेव्हा मला गडगा ओलांडावा लागणार हे ठरलेलंच होतं. जाईपर्यंत निदानं झाली होती. वरच्या घरचे म्हणाले, कर्ली नदीकडून वारा सुटलाय, टॉवर हलला असेल. दुसरे म्हणाले, लाइटचा दाब कमी आहे. काकीला वाटत होतं दिष्ट लागली, कारण गेल्याच आठवड्यात घरात फायबरचं इंटरनेट आणि त्याच्यामागोमाग मोठा टीव्ही आला होता, आणि दोन्ही गोष्टी रस्त्यावरून उघड्याने नेल्या होत्या. "लक्ष्मीनारायणाक गाऱ्हाणा घालूया काय?" असं तिने मला दोनदा विचारलं.

हसू नका. तिन्हीत काकीच खऱ्याच्या जवळ होती. बिघाड टीव्हीबरोबरच घरात आला होता. ते मला कळायला मात्र मंगळवार उजाडला.

झील बिचारा सकाळपासून न जेवता बसला होता. पडद्यावर तीच ठरलेली पाटी. रिमोट डेस्कटॉपला जोडता येत नाही आणि कारणं तीन: समोरच्या मशिनवर परवानगी चालू नाही, किंवा मशिन बंद आहे, किंवा ते नेटवर्कवर नाही. ही पाटी मी हजारदा वाचली असेन. वैद्याने नाडी न बघता "वात असेल, पित्त असेल, नाहीतर कफ" म्हणावं, तितकाच तिचा उपयोग.

माझा पहिला संशय डोंबिवलीच्या बाईवर गेला. त्याच्या ऑफिसातल्या एका बाईंची सवय मला त्याच्याकडूनच कळली होती. काम झालं की वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करायचं आणि उठायचं. फुलीने खिडकी बंद होते, माणूस बाहेर पडत नाही. तिकडे तिची बैठक तशीच मांडलेली राहते. विंडोज सर्व्हरवर वेगळी लायसन्सं घेतली नसतील तर देखभालीसाठी म्हणून एका वेळी दोनच बैठका मिळतात. दोघे फुली मारून उठले, की तिसरा दारात उभा. पण तेव्हा पाटी वेगळी येते, कोण कोण बसलंय ते दाखवते. इथे दारापर्यंतही पोचणं नव्हतं. डोंबिवलीची बाई सुटली. तरी काकीने ते अर्धवट ऐकलंच आणि संध्याकाळपर्यंत "डोंबिवलीची एक बाय ह्याच्या खुर्चीर बसली हा" ही बातमी तळीपर्यंत गेली.

मग व्हीपीएन बघितलं. व्हीपीएन म्हणजे आपल्याकडची पाणंदच. दोन्ही बाजूंनी गडगे, मधून आपण चालायचं, बाहेरच्याला आत डोकावता येत नाही. ती पाणंद जोडलेली होती, हिरवी खूण दिसत होती. म्हणजे वाट मोकळी, आणि टोकाला घर सापडत नाही.

ऑफिसच्या यंत्रं बघणाऱ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "काका, रीस्टार्ट करा." केलं. मग म्हणाला, "व्हीपीएनचं झंझट सोडा, मी ३३८९ नंबरचं दार सरळ इंटरनेटवर उघडतो, डायरेक्ट या." मी त्याला तिथेच थांबवलं. ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं नेहमीचं दार, आणि ते चोरांनाही पाठ आहे. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची भेग सापडली, पासवर्ड न देता त्या दारातून आत शिरता यायचं. ती इतकी वाईट, की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीलासुद्धा परत बोलावून ठिगळ लावलं. आणि लॉकडाऊनमध्ये लोकांनी घाईघाईने अशी दारं उघडली तेव्हा काय झालं? कॅस्परस्कीच्या मोजणीत या दारावर पासवर्ड ठोकून बघण्याचे प्रयत्न फेब्रुवारी २०२० मध्ये जगभर ९ कोटींच्या वर होते, मार्चमध्ये २७ कोटींच्या वर गेले. आपण घराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवतो का? (काकी ठेवते. पण तिच्याकडे कुत्रा आहे.)

संध्याकाळ झाली. सात वाजता मी पुन्हा गेलो आणि पिंग करायला सांगितलं. पिंग म्हणजे नुसती हाक. "आहेस का रे?" असं विचारायचं, समोरचा "ओ" म्हणतो, आणि ओ यायला किती वेळ लागला ते लिहून येतं. सर्व्हरचा नंबर १९२.१६८.१.५. झीलाने हाक मारली आणि खटाखट चार ओ आल्या! आम्ही दोघे खूश. म्हटलं, सर्व्हर जिवंत आहे, उद्या ऑफिस उघडलं की सेवा चालू करून घेऊ. बाहेर काकी मालिका बघत होती, तिला सांगितलं, "सर्व्हरन ओ दिल्यान!" तिने पडद्यावरची नजर न काढता देवाला हात जोडले.

मंगळवारी सकाळी सर्व्हर मेला. हाक मारली की 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. ऑफिसला फोन केला तर तिकडे सगळे त्याच सर्व्हरवर मजेत काम करतायत. झीलाने लॅपटॉप उचलला, मागच्या माडाखाली नेला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडला, आणि सर्व्हर उघडला! खोलीत फायबरवर आला, बंद. माडाखाली चालू, खोलीत बंद. काकीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोक्यात आता खोलीची वास्तू होती.

माझंही डोकं चालेना. मग घरी येऊन आदल्या रात्रीच्या पिंगचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघितला आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

ओ यायला लागलेला वेळ १ मिलिसेकंद होता.

वालावल, म्हणजे आमच्या गावापासून मुंबई, पाखराच्या वाटेने गेलं तरी साडेतीनशे किलोमीटर. जाऊन येऊन सातशे. फायबरच्या काचेतून उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे वाटेत कुठे चहाला न थांबता उजेडालासुद्धा साडेतीन मिलिसेकंद लागणारच, आणि प्रत्यक्षात वळणं घेत जाताना वीस-तीस सहज लागतात. १ मिलिसेकंदात आलेली ओ मुंबईची असूच शकत नव्हती. ती घरातून आली होती.

त्याच ओळीत शेवटी टीटीएल ६४ लिहिलं होतं. विंडोजवाला ओ देतो तेव्हा तिथे १२८ पासून मोजणी सुरू होते. ६४ म्हणजे लिनक्सच्या गोत्रातला कोणीतरी. अँड्रॉइड टीव्हीचं गोत्र तेच.

आणि सकाळचं ते 'अनरीचेबल'सुद्धा मी नीट वाचलं नव्हतं. "घर सापडत नाही" हा निरोप १९२.१६८.१.३ ने दिला होता. हा नंबर झीलाच्या स्वतःच्या लॅपटॉपचा. म्हणजे हाक खोलीबाहेरही गेली नव्हती. आपणच विचारलं आणि आपणच उत्तर दिलं.

मी गडग्यावरूनच ओरडलो, "काकी, टीव्ही लाव!"

"आता? सकाळी? काय असा?"

"लाव गे!"

तिने भिंतीवरचं बटण दाबलं. झील लॅपटॉपवर एकसारखी हाक मारत होता. अनरीचेबल, अनरीचेबल, अनरीचेबल... टीव्हीवर कंपनीचं चिन्ह आलं, गोल फिरलं, आणि खाली ओ. १ मिलिसेकंद. पुन्हा ओ. "बंद कर!" ओ थांबली. "लाव!" ओ आली. तीन वेळा केलं. चौथ्या वेळी काकी दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या टीव्हीन काय केल्यान?"

तिला सांगितलं ते असं. म्हटलं, आपल्या वाडीत घरटी एक बाबू आहे की नाही? तुझ्याकडे आहे, आमच्याकडे होता, वरच्या घरात दोन आहेत. तू परसात उभी राहून "बाबू" म्हणून हाक मारलीस तर ओ कोण देणार? तुझ्या घरातला. मुंबईचा बाबू कशाला देईल? हे १९२.१६८ वाले नंबर तसेच, घरगुती टोपणनावं. १९९६ साली जगाने मिळून ठरवलं, की हे नंबर कुणीही आपापल्या उंबऱ्याच्या आत वापरावेत, बाहेरच्या रस्त्यावर ते चालणार नाहीत. पत्ते ६५ हजारांवर आहेत, पण राउटर बनवणारे सगळे आळशी, बहुतेक जण ०.१ नाहीतर १.१ पासूनच सुरुवात करतात. ऑफिसचा राउटर १.१. फायबरवाल्याने तुमच्याकडे बसवला तोही १.१. त्याने आल्यागेल्याला नंबर वाटले, लॅपटॉपला ३ दिला आणि तुझ्या टीव्हीला ५. तिकडे सर्व्हरही ५. आता झील ५ ला हाक मारतो तेव्हा लॅपटॉप म्हणतो, हा तर घरातलाच, पाणंदीतून मुंबईला कशाला जाऊ?

"आणि माडाखाली?"

"तिथे मोबाइलचे नंबर निराळे. तिथे बाबू नाही."

काकीने थोडा विचार केला. "म्हंजे काल राती माझ्या टीव्हीन मालिका बघता बघता सर्व्हर म्हणान ओ दिल्यान?"

"होय."

"आणि तू शाणो, वीस वर्सां मुंबयत, तू म्हणालंस सर्व्हर जिवंत हा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सोलं उलटी करायला लागलो.

उपाय दहा मिनिटांचा. ऑफिसचा नंबर बदलायचा तर तिकडच्या सगळ्यांना त्रास. आपलाच बदलला. राउटरच्या आत शिरून १९२.१६८.१.१ चं १९२.१६८.७७.१ केलं. ७७ का, तर असाच. कोणाच्या डोक्यात सहजासहजी न येणारा आकडा हवा, एवढंच. लॅपटॉपचं वायफाय सोडून परत जोडलं, पाणंद उघडली, हाक मारली. ओ आली, २७ मिलिसेकंद. इतक्या उशिरा आलेल्या उत्तराचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला. झीलाने सर्व्हर उघडला, थकलेल्या दोन दिवसांचा हिशेब समोर आला आणि त्याचा चेहरा परत पडला, पण तो वेगळा विषय.

मे २०२१ मध्ये १६ तारखेला तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं, तेव्हा कित्येक दिवस लाइट नव्हती. कुठून काय तुटलंय हे डोळ्यांना दिसत होतं. पोफळ तारेवर पडलीय, खांब वाकलाय, बोट दाखवायला जागा होती. अशा वेळी माणूस वैतागतो पण गोंधळत नाही. हे मात्र निराळं. वाट नीट, वीज नीट, सर्व्हर नीट, आणि भलताच ओ देतोय. हाक मारणाऱ्याला समाधान, काम मात्र शून्य. अशी माणसंही मी ऑफिसात पाहिली आहेत, पण नावं नकोत.

दुपारी काकीने गडग्यावरून वाटीभर सोलकढी दिली. दिष्टीचं मिरच्यामीठ तिने सकाळीच ओवाळून टाकलं होतं, तेव्हा श्रेय अर्धं अर्धं झालं. डोंबिवलीच्या बाईचं काय झालं, असं दोघांनी मला रस्त्यात विचारलं.

संध्याकाळी सातला मी काजूच्या बिया निवडत बसलो होतो. गडग्यापलीकडून आवाज आला, आणि तो सोमवारपेक्षा मोठा होता.

"रे! हयसर ये! तुझो सर्व्हर चलता, पण माझी मालिका गेली! नेटवर्क नाय म्हणता!"

टीव्ही अजून जुनाच नंबर धरून बसला होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"काकी, भिंतीवरचं बटण बंद कर आणि परत लाव."

पलीकडे क्षणभर शांतता.

"तां तर मी रोजच करतंय! ह्या सांगूक तुका वीस वर्सां लागली?"