वरबापाचं नाक

नाकाचं रूप पालटण्याची शस्त्रक्रिया हाडावर आणि कूर्चेवर होते. कातडी नंतर त्या सांगाड्यावर बसते. घराण्याचा तोरा मात्र शस्त्रक्रियेच्या कक्षेत येत नाही. पुण्यातल्या दवाखान्यात एवढं समजावण्यातच तपासणीचा बराच वेळ जातो.

वरबाप : दीड महिन्यावर मुलाचं लग्न आहे, डॉक्टर. व्याह्यांसमोर नाक खाली जायला नको.

डॉक्टर : गेलंय, काका. वयानं कूर्चेचा आधार सैल पडतो, टोक ओघळतं. ते उचलता येईल, मधला उंचवटाही घासता येईल. पण तुमची कातडी जाड. आत कितीही कोरलं तरी बाहेर थोडंच दिसणार.

वरबाप : विम्यात बसेल ना?

डॉक्टर : रूपासाठी केलं तर नाही. आतल्या पडद्यानं श्वास अडत असेल, तर तेवढ्या भागाचं विचारता येतं.

वरबाप : अडतो की! आत्ताच, खर्चाचं मनात आल्यावर.

डॉक्टर : सिगारेट?

वरबाप : छे. फक्त तपकीर.

डॉक्टर : तीही बंद. पूर्ण भूल देतात, दोनेक तास लागतात. मग आठवडाभर नाकावर कडक पट्टी. डोळ्यांखालचं काळंनिळं जायला दहा-पंधरा दिवस. दुखण्यापेक्षा नाक चोंदल्याचाच वैताग जास्त. शिंकायचं तोंड उघडून, शिंकरायचं नाही. महिना-दीड महिना चष्मा नाकावर टेकवायचा नाही.

वरबाप : आणि हेल्मेट?

डॉक्टर : नाकावर दाबणारं नको.

वरबाप : (प्रथमच खुलून) हे तेवढं सहीशिक्क्यानिशी लिहून द्या!

डॉक्टर : सुरुवातीला गाडीच चालवायची नाही.

वरबाप : मग नका लिहू. कपाळावर खूण राहील का हो? पूर्वी म्हणे तिथलीच कातडी घेत.

डॉक्टर : ते कापलेल्या नाकासाठी. कावसजी नावाचा इंग्रज फौजेचा गाडीवान होता. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात गेला. वर्षभरानं पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. आधी मेणाचं नाक केलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ आखली. तेवढी कातडी सोडवली, भुवयांमध्ये देठ राखला आणि पीळ देऊन खाली आणली. टाका एकही नाही. काताच्या लेपानं चिकटवली.

वरबाप : पानातला कात?

डॉक्टर : तोच.

वरबाप : आणि चुना आता लावतात.

डॉक्टर : (दुर्लक्ष करून) पाच-सहा दिवस उताणं निजवलं, वर तुपाच्या चिंध्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली. जोसेफ कार्प्यूनं तिथे ही पद्धत वापरली ती 1814 मध्ये.

वरबाप : म्हणजे वीस वर्षं पुढे होतो आपण! मग माझं लग्नापर्यंत होईलच.

डॉक्टर : बरीच सूज उतरेल. टोकाची मात्र वर्षभर रेंगाळते, तोवर टोक बधिरही वाटतं.

वरबाप : म्हणजे अल्बममध्ये सुजलेलं नाक, आणि खरं नाक थेट नातवाच्या बारशाला! बरं, तेही नाही आवडलं तर?

डॉक्टर : काहींना पुन्हा करावी लागते. तीही शक्यतो वर्षभर थांबून, आणि पहिलीपेक्षा अवघड.

वरबाप : बदलून मिळत नाही, असं सरळ सांगा ना. बाहेर पाटी का नाही लावलीत?