इंग्रजीतून माघार घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

इंग्रजीत मत बदलायचे असेल तर आधी पायांत बूट घाला. या भाषेत विचार डोक्याने करतात, पण मत बदलायला पाय लागतात. आणि पाय कुठल्या दिशेला पडले यावर तुमची अब्रू ठरते.

निघण्यापूर्वी कर्ता कोण ते पाहा. आपला माणूस असेल तर 'कम राउंड'. यात माणूस वळसा घालून, दमादमाने योग्य मताला येऊन पोचतो. योग्य म्हणजे अर्थातच बोलणाऱ्याच्या. मुलीच्या लग्नाला विरोध करणारे वडील वर्षभराने 'कम राउंड' होतात. हेच विरोधकाने केले तर ते 'बॅक डाउन': गडी दंड थोपटून उभा होता आणि ऐन वेळी टरकला.

सौदा मोडताना 'बॅक आउट' वापरावे. इंग्लंडात घराचा भाव ठरला तरी करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कुणालाही अंग काढून घेता येते, त्यामुळे तिथे या प्रयोगाचा सराव भरपूर. दिलेला शब्द मोडायचा असेल तर 'गो बॅक ऑन'. हा मात्र जपून. अमेरिकेत थोरल्या बुश यांनी 1988 च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात नवे कर लावणार नाही असे छातीठोक सांगितले, 1990 मध्ये करवाढ मान्य केली आणि 1992 ची निवडणूक घालवली.

सर्वांत सुरक्षित प्रकार अमेरिकी राजकारणाचा लाडका: 'वॉक बॅक'. इथे माणूस तसूभरही हलत नाही, त्याचे विधानच मागे चालवत नेतात. फिरायला नेलेल्या कुत्र्याने भलत्याच्या अंगणात तोंड घातले की दोरी ओढून घरी आणतात, तसे. शिवाय दोरी आपणच धरली पाहिजे असे नाही. राष्ट्राध्यक्ष बोलून जातात, ओढायचे काम प्रवक्त्यांकडे. व्याकरणाने सत्तेची इतकी सोय क्वचितच केली असेल.

ब्रिटनमध्ये मंत्री 'क्लाइंब डाउन' करतात. त्यासाठी आधी हरभऱ्याच्या झाडावर चढलेले असावे लागते, ही अट बहुतेक जण सहज पूर्ण करतात. वाहन हाताशी असेल तर 'यू-टर्न' आहेच. आपल्या वृत्तपत्रांतले घूमजाव ते हेच. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी 1980 मध्ये ब्रायटनच्या पक्ष अधिवेशनात आपण वळणार नाही असे ठणकावले आणि टाळ्या घेतल्या. 2022 मध्ये लिझ ट्रस सरकारने 23 सप्टेंबरला 45 टक्क्यांचा आयकर दर रद्द करण्याची घोषणा केली आणि 3 ऑक्टोबरला ती मागे घेतली. त्याच महिन्यात पंतप्रधानपदही गेले. वळण घ्यायचेच तर वेग कमी असताना घ्यावे.

शेवटची सूचना. घाईत 'बॅक अप' म्हणू नका. त्याचा अर्थ पाठिंबा देणे असाही होतो, आणि तो एकदा दिलात की काढून घ्यायला वरची सगळी कवायत पुन्हा करावी लागेल.