प्रस्तुत संशोधिका आणि समोरचा डीटीपीवाला

पीएच.डी. करणाऱ्याला लिहिता-बोलता येत नाही, हे आता सरकारदरबारी मान्य झालं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत संशोधकांना अध्यापनाबरोबर लेखनाचंही प्रशिक्षण द्या, असं म्हटलं आहे. त्या एका शब्दापायी आमच्या विद्यापीठात 'संशोधन लेखन व सादरीकरण साहाय्य कक्ष' उघडला आणि निवृत्तीनंतर घरच्यांच्या बोलण्यातली विशेषणं दुरुस्त करत बसलेल्या मला तिथं मानधनावर नेमलं. नेमणुकीचा सर्वांत जास्त आनंद घरच्यांना झाला. कक्षाची पाटी कक्षापेक्षा रुंद निघाली. ती निम्मी शेजारच्या खोलीवर गेली, तिथं माळीमामांची कुदळ-फावडी असतात. त्यामुळे लेखन माझ्या दारावर आणि साहाय्य फावड्यांच्या.

माझी शैली हा माझा जुना अभिमान. गौरवग्रंथात माझा लेख नाही असा सत्कारमूर्ती आमच्या जिल्ह्यात विरळा. तेव्हा मी अशा तयारीत बसले होते, की पोरं प्रकरणं घेऊन येणार, मी एखादं वाक्य उलटं फिरवून दाखवणार आणि पोरं थक्क होणार. पहिला जो आला त्यानं विचारलं, "मॅडम, रोमन आकडे प्रमाणपत्रापासून टाकायचे का ऋणनिर्देशापासून?"

मी म्हटलं, "ते तांत्रिक झालं. आपण आधी विचाराकडे पाहू."

"विचार झालाय मॅडम. आकडेच राहिलेत."

मला येईना म्हणून तो 'समोर' विचारायला गेला. समोर म्हणजे गेटसमोर, चहाच्या टपरीला लागून असलेलं डीटीपी सेंटर. टायपिंग, स्पायरल, काळ्या कापडावर सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग, पीपीटी, अर्जंट कामाचे दर वेगळे. दुकान चालवणाऱ्याला सगळं विद्यापीठ 'भाऊ' म्हणतं. त्याच्या संगणकात ऋणनिर्देशांचं एक फोल्डर आहे आणि त्यात तीन फायली आहेत: 'साधे', 'भावनिक' आणि 'गाईड कडक असल्यास'. माझा कक्ष रिकामा आणि त्याच्या बाकावर रांग, हे दृश्य मी खिडकीतून रोज पाहत असे. खिडकी बंद करता आली असती. पण मग रांग केवढी आहे ते कळलं नसतं.

एकदा तोच फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडनं आलेल्या पोरीची संदर्भसूची सहावीची आहे का सातवीची?"

मी विचारलं, "कुठल्या शाळेतली?"

तो एपीएच्या आवृत्तीबद्दल बोलत होता. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत आपल्याकडे बऱ्याच विषयांत चालते आणि तिच्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव लिहायचं नाही असं ठरलं आहे. "सातवीत पुणे नाही, मॅडम," भाऊ म्हणाला. आयुष्यभर संदर्भसूचीत ओळीमागून ओळ 'पुणे, पुणे' लिहिलेल्या आम्हा मराठवाड्याच्या लोकांना एवढ्या लांबून, एवढ्या उशिरा का होईना, न्याय मिळाला. मी त्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "हो, पण औरंगाबादही गेलं." माझा न्याय तिथंच संपला.

मग मीही अभ्यासाला लागले. जॉन स्वेल्स नावाच्या भाषाभ्यासकानं १९९० च्या आपल्या पुस्तकात शोधनिबंधाच्या प्रस्तावनेची चाल मांडून दाखवली आहे. आधी आपलं क्षेत्र आखायचं, मग त्यात मोकळी जागा कुठं उरली आहे ते दाखवायचं, मग त्या जागेत जाऊन बसायचं. मी हे फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी लिहिलं. परळीकडचा एक पोरगा बराच वेळ फळा बघत होता. म्हणाला, "म्हणजे बांध कोरायचा, मॅडम. आधी शेजाऱ्याची जमीन कशी झकास आहे म्हणायचं. मग मधली पट्टी कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही म्हणायचं. आन् रातच्याला नांगर घालायचा." स्वेल्ससाहेबांना एवढ्या थोडक्यात जमलं नव्हतं. मला तर नाहीच. मी त्याला म्हटलं, "बरोबर आहे, पण हे जरा प्रमाणभाषेत मांडू या." आणि ते मांडताना आमचे चार तास गेले.

प्रमाणभाषेत मांडलं की काय होतं, ते पुढे कळतं, वाङ्मयचौर्य तपासणीत. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं साम्य योगायोग म्हणून सोडून देता येतं. आता आमच्याकडच्या यच्चयावत प्रबंधांत हे एक वाक्य असतंच: 'प्रस्तुत संशोधनाचा विषय अत्यंत महत्त्वाचा असून त्यावर आजवर फारसे संशोधन झालेले नसल्याने सदर विषयाची निवड संशोधकाने केली आहे.' मी शब्द मोजले. 'विषयाची' इथपर्यंत योगायोग आणि 'निवड'पासून चोरी. एकानं उपाय म्हणून अख्खा प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये दिला. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आत नुसती रोमन अक्षरांची भेळ दिसली आणि साम्य निघालं शून्य टक्के. गेल्या कित्येक वर्षांतलं सर्वांत मौलिक संशोधन! भाऊनं मात्र त्याला परत पाठवलं. "ग्रंथालयात कळेल," म्हणाला. "नंतर रडत माझ्याकडंच येशील आणि मी अर्जंटचे लावीन."

लिहिण्याचं एवढं, तर बोलण्याचं काय सांगू! आपल्याकडचा संशोधक सादरीकरणाला उभा राहिला की 'सन्माननीय व्यासपीठ'पासून निघतो आणि त्याला विषयाच्या गावी पोचायला वेळच उरत नाही. यावर ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ साली औषध काढलं: तीन मिनिटांत प्रबंध. एकच स्लाइड, तीही न हलणारी. वेळ संपली की बाद. ही स्पर्धा आता जगभर होते. स्पर्धेवाले सांगतात की ८०,००० शब्दांचा प्रबंध बोलून दाखवायचा तर नऊ तास लागतील. पण मला त्यातली अंघोळीची गोष्ट फार आवडते आणि ती मी कुणालाही सांगते. त्या वेळी क्वीन्सलँडमध्ये मोठा दुष्काळ होता. पाणी वाचवायला लोकांना अंघोळ मोजून करायला सांगितलं होतं आणि कित्येकांच्या न्हाणीघरात भिंतीला तीन मिनिटांचं, अंडी उकडायचं घड्याळ लावलेलं असे. ते पाहून तिथल्या ग्रॅज्युएट स्कूलच्या तेव्हाच्या अधिष्ठात्यांना, ॲलन लॉसन यांना ही कल्पना सुचली.

आता तुम्हीच सांगा, दुष्काळातून संक्षेप निघत असेल, तर तो मराठवाड्यातून का निघू नये? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. त्या वाघिणींचं लोकांनी स्वागत केलं, आणि स्वागत म्हटल्यावर भाषणं झालीच असणार. आमच्याकडे पाण्याचा दुष्काळ पडतो, भाषणाचा कधी पडल्याचं ऐकिवात नाही. आमच्या घरीही त्या काळात अंघोळीला एकेक बादली होती. आमचे हे त्या एका बादलीत नाट्यसंगीताचे दोन अंक करीत. पाणी तीन मिनिटांत संपे. मग कोरड्या तांब्यावर ताल. मी बाहेरून दार वाजवी, आतून तान येई. ब्रिस्बेनच्या न्हाणीघरात माणसं गात नसावीत, नाहीतर ही स्पर्धा निघालीच नसती. आणि अंड्याचं घड्याळ आमच्याकडे कुठून असणार? आमच्याकडे अंडं गॅलरीत, वेगळ्या भांड्यात उकडतं, आणि सासूबाईंची पूजा चाले तोवर उकडतं. त्या हिशेबानं आमच्याकडची स्पर्धा पाऊण तासाची झाली असती. सांगायचं काय, तर मी ही गोष्ट कक्षातल्या पहिल्याच सराववर्गात सांगितली आणि ती संपेपर्यंत वर्गाची वेळ संपली. तीन मिनिटं कुणाच्याच वाट्याला आली नाहीत.

त्या वर्गात मागे एक मुलगी होती. बीडकडची. आई-वडील अजून ऊसतोडीला जातात. तिचा प्रबंध ऊसतोड बायकांवर. तिनं आणलेलं वाक्य असं होतं: 'प्रस्तुत संशोधिकेस असे आढळून आले की, सदर महिलांच्या समस्या बहुआयामी स्वरूपाच्या आहेत.' वाक्य चोख होतं. माझंच वाटावं इतकं. मी विचारलं, "म्हणजे काय गं?"

ती बोलायला लागली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस आजारी पडलं की खाडा लागतो, आणि त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढायचं. हंगाम सुरू झाला की आपण शाळेसाठी गावी आजीपाशी आणि आई कर्नाटकात, हे ती सांगत होती तेव्हा वर्गातली मोबाइल बघणारी पोरंही वर बघायला लागली. कुठं अडखळली नाही. 'सन्माननीय' म्हणाली नाही.

मी म्हटलं, "मग हे लिहीत का नाहीस?"

"लिहिलं होतं मॅडम. सरांनी काढायला लावलं. ही भाषा प्रबंधाची नाही म्हणाले."

मला राग आला. कुणाचा, ते त्या क्षणी नीट कळलं नाही, म्हणून मी नेहमी करते तेच केलं: आवाज चढवून इतिहास सांगितला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वर्गातलं सादरीकरण, तुमच्यासारखंच. सुरुवात 'प्रस्तुत संशोधक'नं केली नाही. तुम्ही वस्तूंची प्रदर्शनं पाहिली असतील, आता माणसानं घडवलेल्या संस्थांचं प्रदर्शन पाहू, अशा अर्थाची केली. परक्या वर्गाला घरचं सांगायचं तर त्यांना हात धरून आत आणावं लागतं, हे बाबासाहेबांना त्या वयात ठाऊक होतं. पुढच्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला आणि अजून वाचला जातो. आपल्या किती जणांचा सेमिनार पेपर सेमिनारच्या संध्याकाळपर्यंत तरी टिकतो?

मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मॅडम, व्हायव्हाला कुणी आडवा प्रश्न टाकला तर?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं. भाऊचं छोटं होतं आणि तिला ते आधीच पाठ होतं: 'सर, तुमचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, मी तो अंतिम प्रतीत घेते, म्हणायचं. आन् घ्यायचा नाही.'

परवा संध्याकाळी शटर ओढून भाऊ स्वतःच माझ्या कक्षात आला. पाटी वाचायला आधी फावड्यांकडे गेला, मग इकडे. म्हणाला, "मॅडम, मला पीएच.डी. करायचीय. सिनॉप्सिस बघाल का?"

तेव्हा कळलं, की हा एम.ए. आहे आणि सेटही झालेला आहे. दुकान काढण्याआधी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता. तासाला पैसे, सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, आणि जे मिळायचे ते वर्ष उलटून गेल्यावर. "दुकानात निदान बाइंडिंगचे रोख येतात," म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना. एवढ्या दिवसांची माझी खिडकी आठवली.

"विषय काय?"

"प्रबंधांतली खोडलेली वाक्यं. पोरं पहिली फाइल आणतात ना, तिच्यात कुठंतरी खरं बोललेली असतात. बहुतेक वेळा दुसऱ्या पानाच्या खाली. मग दुरुस्त्या होऊन येतात. 'फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'फायनल सरांनी पाहिलेलं'. तोवर ते गेलेलं असतं. मी जुन्या फायली डिलीट करत नाही, मॅडम. सगळं आहे माझ्याकडं. एवढे प्रबंध पहिल्या पानापासून वाचणारा मी एकटाच असंन."

"मुलांची परवानगी लागेल."

"विचारलं एकेकाला. सगळे हो म्हणाले. ती बीडची तर म्हणाली, माझं नाव घालून छापा."

इतका चांगला विषय आमच्या विभागात मी असेपर्यंत कुणाला सुचला नव्हता. मलाही नाही, हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं ते असं: "'खरं बोललेली' असं नको. आपण 'संशोधकाच्या आत्मनिष्ठ अभिव्यक्तीचे विलोपन' असं म्हणू या."

भाऊनं माझ्याकडे बघितलं. पेन उचललं नाही.

मग विषय बदलायला मी विचारलं, "आणि टायपिंग? ते घरचंच झालं म्हणा."

"छे, बसस्टँडसमोरच्या दुकानात देणार," तो म्हणाला. "माझे दर मला परवडत नाहीत."