अठरा गेजचं राजकारण

आमच्या छत्रपती संभाजीनगरला बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात. बावन्न मोजून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण पाहुण्यांसमोर आकडा कमी करायची कुणाची टाप नाही. भडकल दरवाजा मलिक अंबरनं 1612 साली मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. पुंडलिकनगरात कुणी कुणावर विजय मिळवल्याची नोंद नसल्यामुळं आमच्याकडं दरवाजा नाही. आमच्याकडं शटरं आहेत. गजानन महाराज मंदिराकडून पुंडलिकनगरच्या रस्त्याला लागा, दोन्ही हातांना तीच. खाली दुकान, वर मालक, आणि पहाटे कुणाचं शटर वाजलं हे पांघरुणातूनच ओळखणारे आम्ही शेजारी.

दाजींचा, म्हणजे बहिणीच्या यजमानांचा, प्लास्टिकच्या खुर्च्या, टब आणि बादल्यांचा होलसेल धंदा. त्यांनी आमच्या गल्लीत गोडाऊन घेतलं. त्याचं तोंड बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच. तिथं शटर बसवायचं ठरलं आणि मुलगी बघायच्या कार्यक्रमाला बसावी तशी बैठक बसली. रंग काय, कुलूप कुठलं, पट्टीवर नाव कुणाचं, यावर सगळे भरभरून बोलले. शटर काम कसं करतं हा विषय कुणी काढला नाही.

शटर बनवणारे चाचा जुने कारागीर. त्यांनी विचारलं, "सेठ, अठरा गेज लगाऊं के बीस?"

दाजी उदार झाले. "वीस लावा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील."

चाचांनी टेप खाली ठेवला. पत्र्याच्या दुनियेत नंबर वाढला की जाडी घटते. अठरा गेजचा पत्रा साधारण सव्वा मिलिमीटरचा, वीस गेजचा एक मिलिमीटरच्याही आतला. दाजींना हा सरळसरळ अन्याय वाटला. जास्त पैसे मोजायचे आणि नंबर कमी घ्यायचा, हे त्यांच्या व्यापारी रक्ताला झेपेना. शेवटी अठरा गेज घेतलं, पण बिलावर "भारी" असं लिहून घेतलं.

पुढचा वाद गिअरचा. शटरांसाठी भारतीय मानक आहे, आय.एस. 6248. पट्टीपट्टीनं बनलेल्या या प्राण्याचा सरकारनं इतका बारकाईनं विचार केलाय हे कळल्यावर मला गहिवरून आलं. त्याचा हिशेब असा, की आठ चौरस मीटरपर्यंतचं शटर नुसतं हातानं उचलायचं, बारापर्यंत बॉल बेअरिंग घालून हातानं, आणि त्यापुढं गिअर. दाजींचं भरत होतं अकरा चौरस मीटरच्या किंचित वर. म्हणजे बेअरिंगवर भागत होतं. दाजी म्हणाले, "बेअरिंगसुद्धा कशाला? आपल्याकडं पोरं आहेत की."

पोरं म्हणजे मी आणि माझा भाचा.

असल्या शटरचं वजन शंभर किलोच्या पुढंच जातं. तरी एक सडपातळ दुकानदार रोज सकाळी ते एका हातानं वर फेकतो, ते काही त्याच्या दंडाच्या जोरावर नाही. वरच्या पाईपवर गुंडाळी असते आणि त्यात स्प्रिंगा. शटर खाली ओढलं की स्प्रिंगेला पीळ बसतो, वर ढकललं की तोच पीळ वजन उचलतो. चाचांनी हे एका वाक्यात उरकलं, "पत्रा तो सब देखते सेठ, इस्प्रिंग कोई नै देखता." बेअरिंग बसलं.

स्प्रिंग बरोबर आवळली की नाही याची परीक्षा सोपी आहे. शटर कमरेएवढं उचलायचं आणि हात सोडायचा. घसरून खाली आलं तर स्प्रिंग ढिली. सुसाट वर पळालं तर फाजील आवळलेली. जिथं सोडलं तिथंच थांबलं तर पास. आमच्या शहरात या परीक्षेला सामाजिक महत्त्वही आहे. बंदची हाक इथं नवी नाही, आणि 2020 च्या लॉकडाऊननं तर सगळ्यांचाच हात साफ करून घेतला. कमरेएवढं थांबलेलं शटर म्हणजे बंदला पाठिंबा आणि गिऱ्हाइकाला वाट, दोन्ही एकाच उंचीवर. ज्याची स्प्रिंग ढिली, त्याला नाइलाजानं कुठली तरी एक बाजू घ्यावी लागते.

ही स्प्रिंग घरी सोडवायच्या भानगडीत मात्र पडू नये. आमच्या भाच्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून पाना उचलला होता. चाचा लांबूनच ओरडले, "हात नक्को लगा रे!" पिळाची स्प्रिंग सुटली की पाईपासकट पाना फिरतो आणि मनगट जागेवर राहत नाही.

देखभालीचा मामला दाजींनी दसऱ्यावर सोपवला. त्या दिवशी शटरला हळद-कुंकू, झेंडूचं तोरण, आणि दोन्ही बाजूंच्या गाईडमध्ये ओंजळभर ग्रीस. इथंच घोळ. आधीच आमच्याकडची उन्हाळ्यातली धूळ, त्यात पाण्याच्या नव्या पाइपलाइनसाठी खोदलेले रस्ते. ग्रीसमध्ये धूळ बसली की काळी चटणी तयार होते आणि पट्ट्या त्यात रुतत रुतत वर जातात. चाचांचा उपाय फुकटातला. कोरड्या ब्रशनं गाईड झाडायचं, रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं आणि आतून मेणबत्ती घासायची. ग्रीस लावायचं ते वर, बेअरिंगला. मेणबत्तीनं पैसा वाचतो म्हणून दाजींना पटलं. मात्र लिंबू-मिरची त्यांनी सगळ्यात खालच्या पट्टीलाच बांधली. शटर पुरतं वर गेलं की ती गुंडाळीवरच्या खोक्यात गुंडाळली जाते, आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकावर वाळक्या मिरच्यांचा अभिषेक होतो.

शटरचा खरा शत्रू चोर नाही. चोर बिचारा कुलपाशी बोलतो. देवगिरी किल्ल्याच्या दरवाज्यांवर हत्तीनं धडक देऊ नये म्हणून लोखंडी खिळे ठोकलेत. आमच्या गल्लीत माल घेऊन येतो तो छोटा हत्ती, आणि तो रिव्हर्समध्ये येतो. "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा माणूस नेमका धडकेच्या क्षणी मोबाइलवर बोलत असतो. पट्टी चेपली तर बदलता येते. गाईड वाकलं की शटर तिरकं धरतं आणि मधेच अडकून बसतं. म्हणून गाईडच्या बाहेर दोन्ही बाजूंना लोखंडी खांब रोवावेत. पत्रा आणखी जाड घेण्यापेक्षा हा खर्च शहाणपणाचा, असं माझं ठाम मत आहे. दाजींनी खांब रोवले, पण तिसऱ्या धडकेनंतर.

मग एक दिवस ते शेंद्र्याला ऑरिक या औद्योगिक नगरीतल्या एका कंपनीत जाऊन आले. तिथं त्यांनी प्लास्टिकच्या पडद्याचा वेगवान दरवाजा पाहिला. फोर्कलिफ्ट समोर आली की सर्रकन वर, गेली की खाली. धूळ आत नाही, गारवा बाहेर नाही. दाजींचा चेहराच बदलला. महिन्याभरात आमच्या शटरला साइड मोटर आणि रिमोट आला. चाचांनी बजावलं, की मोटर लावली म्हणून स्प्रिंगेला सुट्टी नाही, ती ढिली पडली तर सगळं ओझं मोटरवर येऊन ती जळेल. वीज गेली तर हातानं ओढायला साखळीही दिली.

दाजी समोरच्या चहाच्या टपरीवरून बटण दाबायचे. पोरं टाळ्या वाजवायची.

लग्नसराईत एका संध्याकाळी वीज गेली. साखरपुड्याच्या खुर्च्या न्यायला माणूस टेम्पो घेऊन उभा. दाजींनी ऐटीत चाचांना फोन लावला.

"साखळी कुठून ओढायची?"

"अंदर से, सेठ."

"आत कसं जायचं?"

"शटर उठाके."

गोडाऊनला दुसरं दार नव्हतं. ते करून घ्या, असं चाचा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, पण तेव्हा बैठकीत रंगावर मतदान चाललं होतं. आत पाचशे खुर्च्या, आणि त्यांचे मालक शेजारच्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसलेले. जाणारा-येणारा विचारत होता, "काय दाजी, आज बंद हे का?"

"कडकडीत," दाजी म्हणाले.