शाखा क्रमांक 001

गृहकर्ज मागायला जा. सॅलरी स्लिपा आणा, फॉर्म सोळा आणा, इंडेक्स टू, सर्च रिपोर्ट, सोसायटीची एनओसी आणा. सही जरा तिरकी आली की फॉर्म परत. मग एक गृहस्थ टेप घेऊन घरी येतात, बाल्कनी मोजतात, 'ही कार्पेटमध्ये धरता येणार नाही' असं बजावतात आणि चहा पिऊन जातात.

हीच टेप कर्ज देणाऱ्याच्या दारात कोण नेतं? डीएचएफएल ही मुंबईची, 1984 सालची गृहकर्ज कंपनी. सीबीआयचा आरोप असा, की तिच्या संगणकात वांद्र्याची एक शाखा होती, क्रमांक 001. वांद्र्यात मात्र ती नव्हती. (तिथली भाडी पाहता निर्णय व्यवहारीच म्हणायचा.) या शाखेचे कर्जदार 2 लाख 60 हजार आणि 2007 ते 2019 मधलं कर्ज 14,046 कोटी. त्यात केव्हाच कर्ज फेडून मोकळे झालेले लोक. त्यांनी पेढे वाटले, आणि इकडे त्यांच्या नावाचं कर्ज पुन्हा नांदू लागलं! वर, अशा खात्यांवर पंतप्रधान आवास योजनेचं सुमारे 1,880 कोटींचं व्याज अनुदानही मागितलं म्हणे.

आणि ताळेबंद? दरवर्षी वेळेवर, ऑडिटरच्या सहीशिक्क्यानिशी. 2019 उजाडेपर्यंत रेटिंगही ट्रिपल ए. कागद कागदाशी जुळला की ऑडिट झालं. पत्त्यावर जाऊन बेल वाजवायची, ही कामं बाल्कनीवाल्या गृहस्थांची. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीचे हप्ते थकले, ऑगस्टमध्ये ऑडिटरांनी राजीनामे दिले, नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ घरी पाठवलं. मोठ्या ठेवीदारांच्या हाती रुपयामागे चार आणेही पडले नाहीत. 2023 मध्ये ऑडिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या एनएफआरएने कंपनीच्या शाखा तपासणाऱ्या 18 सीएंना शिक्षा केली: माणशी एक लाख दंड, वर्षभर बंदी. आपले चार हप्ते चुकले तर याहून जास्त बोलणी बसतात.

आता नियम कडक आहेत. 2021 पासून 15,000 कोटी आणि त्यावर मालमत्ता असलेल्या गृहकर्ज कंपनीला किमान दोन ऑडिट फर्म लागतात, आणि तीन वर्षांनी त्या बदलाव्या लागतात. दोघींपैकी एकीने तरी लोकल पकडून वांद्र्याला उतरावं, असं मात्र रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात कुठे दिसलं नाही.