खुर्ची मंजूर, माणूस नामंजूर

नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या इंग्रज इतिहासकाराने 1955 साली नोकरशाहीची फार सुरेख खोडी काढली. ब्रिटिश नौदलाचे आकडेच त्याने मांडले. 1914 ते 1928 या चौदा वर्षांत मोठ्या युद्धनौका 62 वरून 20 वर आल्या, खलाशी आणि अधिकारी एक लाख 46 हजारांवरून एक लाखावर उतरले. आणि नौदलाच्या मुख्यालयातले बाबू? ते दोन हजारांवरून 3,569 वर गेले. जहाजं बुडोत की तरंगोत, फायली फुगतात, हा त्याचा निष्कर्ष.

बिचाऱ्याने मंत्रालय पाहिलं नव्हतं. साहेब वाढले की हाताखालचेही वाढणार, असं तो धरून चालला होता. आपण त्याच्या पुढे गेलो. पदं वाढवायची आणि भरायची नाहीत!

महाराष्ट्रात मंजूर पदं सात लाखांवर आहेत आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा रिकामा. लोक याला सरकारी ढिलाई म्हणतात. मला तसं वाटत नाही. राज्याच्या महसुली उत्पन्नातला निम्म्याहून जास्त पैसा पगार, पेन्शन आणि व्याजात जातो. अशा घरात रिकामी खुर्ची हा सगळ्यात गुणी कर्मचारी असतो. तिला महागाई भत्ता लागत नाही. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप झाला, त्यात ती उतरली नाही. वित्त विभागाचा तिच्यावर जीव असल्यास नवल नाही.

मग काम कोण करतं? त्यासाठी ‘अतिरिक्त कार्यभार’ नावाचं रामबाण औषध आहे. तलाठ्याकडे स्वतःचा साझा, म्हणजे नेमून दिलेली गावं, असतोच, शिवाय शेजारचा, शिवाय बदली होऊन गेलेल्याचा. सातबाऱ्यावर वारसनोंद करायला गेलात तर अण्णासाहेब ‘त्या साझ्यावर’ गेलेले असतात. त्या साझ्यावर गेलात की ‘तहसीलला मीटिंगला’. खोटं कुणीच बोलत नसतं, हीच तर पंचाईत. लोकसंख्या वाढली म्हणून सरकारने 3,110 नवे साझे मंजूर केले. म्हणजे गैरहजर राहायला तेवढ्या जागा वाढल्या.

वरच्या मजल्यावर मात्र टंचाई जाणवत नाही. 1960 मध्ये राज्य झालं तेव्हा जिल्हे होते 26. पालघर धरून 2014 पासून 36. जिल्हा झाला की जिल्हाधिकारी आले, पोलीस अधीक्षक आले, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आले, त्यांचे बंगले, गाड्या, स्वीय सहायक आले. ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर यायचा राहिला. तो ‘आकृतिबंधात’, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, आहे. आकृतिबंध सुधारायला समिती बसते, समितीच्या अहवालावर उच्चस्तरीय समिती बसते. डॉक्टर सोडून सगळे बसतात.

अधूनमधून भरती निघते, नाही असं नाही. 2023 ची तलाठी भरती आठवा. साडेचार हजारांच्या आसपास जागा, अर्ज दहा लाखांवर. खुल्या गटाला परीक्षा शुल्क हजार रुपये, राखीव गटाला नऊशे. गुणाकार तुम्हीच करा. एका भरतीत बेकारांनी सरकारजमा केलेली रक्कम एखाद्या नगरपालिकेला हेवा वाटावा अशी निघेल. निकाल लागला तेव्हा 200 गुणांच्या परीक्षेत एका उमेदवाराला 214 गुण! खुलासा आला की हे वेगवेगळ्या सत्रांतल्या गुणांचं ‘सामान्यीकरण’ आहे. असेलही. पण एवढ्याशा जागांसाठी घासाघीस करायची तर पैकीच्या पैकी गुण अपुरेच पडणार, हे परीक्षा घेणाऱ्यांना आधी कळलं म्हणायचं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंत्राटी माणसं पुरवायला नऊ खासगी संस्था नेमल्याचा शासन निर्णय निघाला. पोरं रस्त्यावर उतरली. सत्ताधारी म्हणाले, पाप आधीच्यांचं. आधीचे म्हणाले, तुमचंच. ऑक्टोबरात जीआर रद्द झाला. पाप कुणाचं याची चौकशी झालीच, तर तिचा कार्यभारही कुणाकडे तरी अतिरिक्तच असेल.

2024 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ आली. बारावीला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा, मुदत सहा महिने. पुढे ती अकरा महिन्यांवर नेली. पोरं कार्यालयात आली आणि आवक-जावक, टपाल, संगणक सगळं सांभाळू लागली. मुदत संपली तेव्हा म्हणाली, काम आम्हीच करत होतो, तर आम्हालाच घ्या. उत्तर आलं, तुम्ही प्रशिक्षणार्थी होता. म्हणजे जो काम करतो त्याला पद नाही आणि जे पद आहे त्यावर माणूस नाही. इतकी काटेकोर विभागणी पार्किन्सनलाही सुचली नसती.

पण कमाल केली ती ई-पीक पाहणीने. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या रानातलं पीक शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर नोंदवायचं आहे. पूर्वी हे तलाठ्याचं काम होतं, बांधावर येऊन करायचं. येत होता की घरी बसूनच गेल्या वर्षीचा ऊस यंदाही लिहीत होता, ते सोडा. काम त्याच्या नावावर तरी होतं. आता शेतकरी सोयाबीनमध्ये उभा राहतो, फोन वर धरतो, रेंज शोधतो, फोटो काढतो, सर्व्हर चालू होण्याची वाट पाहतो आणि अंधार पडला की घरी येतो. नोंद राहून गेली तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही, आणि हमीभावाच्या खरेदीपासून भरपाईपर्यंत जिथे जाल तिथे त्या नोंदीवर बोट ठेवतात.

राज्यातला हा सगळ्यात मोठा अतिरिक्त कार्यभार, आणि तो सांभाळणारा आस्थापनेवरच नाही. मानधन नाही, प्रवासभत्ता नाही, नेटपॅकही पदरचा. वेळेत केलं नाही तर जबाबदारी मात्र निश्चित होते, आणि तीही तत्काळ, कोणत्याही समितीविना.